सत्त्याण्णव पर्सेंटाइल म्हणजे सत्त्याण्णव टक्के नव्हेत

गेल्या वर्षी जूनमध्ये इंजिनीअरिंग प्रवेशाच्या सीईटीचा निकाल लागला आणि माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आले. "सर, पोरानं सीईटीत सत्त्याण्णव काढले." मी पेढा घेतला, अभिनंदन केलं आणि त्या आनंदात समजावून सांगायचं टाळलं. ते माझं चुकलं. पुढे कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, पहिल्या राउंडची यादी लागली आणि तेच वडील रिकाम्या हातानं आले. सत्त्याण्णव टक्के पडूनही पुण्यात कॉम्प्युटर शाखा मिळत नाही म्हणजे आत काहीतरी गडबड आहे, अशी त्यांची खात्रीच झाली होती.

गडबड एवढीच होती की ते टक्के नव्हते. उत्तरतालिकेवरून बेरीज केली तेव्हा मुलाचे गुण २०० पैकी सव्वाशेच्या अलीकडेच होते. मिळाले होते ते ९७.२ पर्सेंटाइल.

मी तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला गणित शिकवतो. दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न सुरू होतो: क्लास कुठला लावायचा? त्याच्या आधीचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. परीक्षा कुठली द्यायची आहे, आणि ती परीक्षा नक्की मोजते काय? एमएचटी-सीईटी (राज्यातल्या इंजिनीअरिंगसाठी), जेईई मेन (एनआयटी-आयआयटीच्या वाटेवरची) आणि नीट (वैद्यकीयसाठी) या तिन्हींचा अभ्यासक्रम वरवर एकच दिसतो. तेच न्यूटनचे नियम, तेच मोल, तेच समाकलन. पण तिघींची मोजपट्टी वेगळी आहे, आणि दोन वर्षांचं नियोजन करायचं तर त्या मोजपट्टीपासून सुरुवात करावी लागते.

आधी पर्सेंटाइल

सीईटी एका दिवसात उरकत नाही. मुलं लाखोंनी, संगणक मोजके, म्हणून राज्य सीईटी कक्ष ती बऱ्याच दिवसांत, सकाळ-दुपारच्या सत्रांत घेतो. प्रत्येक सत्राला पेपर वेगळा. सोमवारी सकाळचा सोपा निघाला आणि बुधवारी दुपारचा अवघड, तर नुसते गुण शेजारी ठेवून तुलना करणं अन्यायाचं होईल. म्हणून गुण बाजूला ठेवायचे आणि रांगेतली जागा बघायची.

समजा तुमच्या सत्रात २०,००० मुलं बसली. तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण त्यांतल्या १९,४४० जणांना पडले (यात तुम्हीही आलात). १९,४४० ला २०,००० ने भागा आणि १०० ने गुणा. उत्तर ९७.२. एवढंच ते पर्सेंटाइल. पेपर २०० गुणांचा होता की ३०० चा, तुम्ही निम्मा सोडवला की पाऊण, याच्याशी त्याला घेणं नाही. प्रत्येक सत्रात जो पहिला येतो त्याचे आपोआप १०० होतात, त्याचे गुण १९८ असोत की १७५. 'शंभर पर्सेंटाइलवाले इतके कसे' याचं उत्तर हे. जेवढी सत्रं, निदान तेवढे शंभरवाले. जेईई मेनचं पर्सेंटाइलही याच पद्धतीनं निघतं.

या हिशेबामागे एक गृहीत आहे, ते पटलं तरच हिशेब पटतो. मुलं सत्रांमध्ये कशीही विखुरलेली असतात. हुशार तेवढी सोमवारी आणि बाकीची बुधवारी असं होत नाही. मुलं हजारोंनी असली की प्रत्येक सत्रातला गट साधारण सारख्याच कुवतीचा निघतो. म्हणून एका सत्रातला ९७.२ दुसऱ्या सत्रातल्या ९७.२ च्या बरोबरीचा धरता येतो.

आता हेच उलटं करून बघू, कारण पालकांना खरी माहिती इथे मिळते. समजा पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) गटाला ४ लाख मुलं बसली. ९७.२ म्हणजे तुमच्यापुढे २.८ टक्के. चार लाखांचे २.८ टक्के म्हणजे ११,२०० मुलं. त्या वडिलांसमोर मी हा आकडा कागदावर लिहिला तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. पुण्याच्या सीओईपीत किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये खुल्या गटातून कॉम्प्युटर हवं असेल, तर ९९ च्या पुढचे दशांश मोजावे लागतात. ४ लाखांत ०.१ पर्सेंटाइलचा अर्थ होतो ४०० मुलं.

यातून निघणाऱ्या दोन गोष्टी मुलांना वेळीच कळलेल्या बऱ्या. एक, 'पेपर अवघड गेला' ही वाईट बातमी नसते. तो तुमच्या सत्रातल्या सगळ्यांनाच अवघड गेलेला असतो. परीक्षा चालू असताना रडकुंडीला येणाऱ्या मुलाचं नुकसान पेपर करत नाही, त्याचं रडणं करतं. दोन, एकूण पर्सेंटाइल हे तीन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी नसतं. ते एकूण गुणांवरून वेगळं काढतात. सीईटीत गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला २ गुण आहेत, फिजिक्स आणि केमिस्ट्रीला १. म्हणजे २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे. 'मॅथ्स जरा कच्चं आहे, पण केमिस्ट्रीवर भरून काढीन' असं म्हणणारा मुलगा दर वर्षी भेटतो. भरून निघत नाही.

चोपन्न सेकंद

परीक्षेचा स्वभाव ओळखायचा असेल तर मिनिटांना प्रश्नांनी भागा. सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत. एका प्रश्नाला ५४ सेकंद. गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे प्रत्येकी १०८ सेकंद. २०२५ ची जेईई मेन ७५ प्रश्नांची, १८० मिनिटांची: प्रत्येकी २ मिनिटं २४ सेकंद. त्याच वर्षीची नीट १८० प्रश्न, १८० मिनिटं. मिनिटाला एक, आणि त्यातच गोळे काळे करायचे.

जेईईचा प्रश्न वाचून विचार करायला वेळ आहे, कारण प्रश्नच तसा असतो. दोन-तीन धड्यांची गाठ मारलेली असते, ती कुठून सुटते हे शोधायचं. सीईटीत तो वेळच नाही. ५४ सेकंदांत वाचणं, ओळखणं, आकडेमोड आणि क्लिक. प्रश्न त्यामानानं सरळ असतो, पण सूत्र आठवायला दहा सेकंद गेली की गणित फसलं. म्हणून 'जेईईचा अभ्यास केला की सीईटी त्यातच होते' हे वाक्य अर्धंच खरं आहे. समज त्यातून येते, वेग येत नाही. जेईईची कसून तयारी केलेली आणि सीईटीत ३० प्रश्नांना हातही न लागलेली मुलं मी पाहिली आहेत. वेग घड्याळ लावून सोडवलेल्या पेपरांतून येतो, आणि त्याला निदान दोन महिने द्यावे लागतात.

शिवाय पुस्तकं वेगळी. सीईटी राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर आधारलेली. बारावीच्या गणितातलं तर्कशास्त्र आणि रेषायुग्म हे धडे बालभारतीच्या पुस्तकात आहेत, एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्राच्या, बारावीच्या पुस्तकात ते सापडणार नाहीत. नीटचं बायो मात्र एनसीईआरटीच्या ओळीन्ओळीतून येतं. आकृतीखालचा मजकूरसुद्धा सोडायचा नाही, असं आमचे जीवशास्त्राचे सहकारी मुलांना बजावतात. मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी आणखी एक. सीईटीत फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोचा पेपर मराठीतून घेता येतो, गणिताचा फक्त इंग्रजीत असतो. 'विकलज' आणि 'समाकलन' म्हणत शिकणाऱ्या मुलानं अकरावीच्या पहिल्या महिन्यापासून इंग्रजी संज्ञा वहीच्या समासात लिहीत जावं. हे काम परीक्षेच्या आदल्या महिन्यात होत नाही.

म्हणून माझं मत असं, आणि ते सगळ्यांना आवडत नाही: अकरावीच्या दिवाळीपर्यंत एक परीक्षा मुख्य ठरवा. बाकीच्या द्या, पण तिच्या आधारानं. पीसीएमबी, म्हणजे गणित आणि बायो दोन्ही, घेऊन जेईई, नीट आणि सीईटीचे दोन्ही गट अशी चौफेर तयारी करणारी मुलं असतात. त्यांतली बहुतेक ठरवता न आल्यामुळे तिथे असतात, झेपतं म्हणून नव्हे. ठरवायचं कसं? क्लासच्या जाहिरातीवरून नको. अकरावीच्या पहिल्या दोन महिन्यांनंतर तिन्ही परीक्षांचा मागच्या वर्षीचा एकेक पेपर घ्या, शिकून झालेल्या धड्यांवरचे प्रश्न तेवढे वेगळे काढा आणि मुलाला सोडवायला द्या. गुण मोजू नका. कुठल्या प्रश्नाशी तो झटापट करत बसतो आणि कुठल्याला कंटाळतो, ते बघा.

न येणाऱ्या प्रश्नाचं काय करायचं

सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तरीही दर वर्षी मुलं प्रश्न रिकामे सोडून येतात, 'येत नव्हतं' म्हणून. चार पर्यायांतला एक डोळे मिटून निवडला तर बरोबर येण्याची शक्यता चारात एक. गणिताचे १० प्रश्न असे ठोकले तर सरासरी अडीच बरोबर येतील, म्हणजे ५ गुण. मधल्या पर्सेंटाइलला, जिथे मुलांची दाटी असते, तिथे ५ गुण म्हणजे कितीतरी हजारांना मागे टाकणं. शेवटच्या दोन मिनिटांत सगळे रिकामे प्रश्न भरायचे, हा नियम मी वर्गात पाढ्यासारखा म्हणून घेतो.

जेईई आणि नीटमध्ये बरोबरला ४, चुकीला उणे १. इथे घरातले म्हणतात, येत नसेल तर हात लावू नकोस. जरा हिशेब करा. चार प्रश्न आंधळेपणानं सोडवले: एक बरोबर, अधिक ४. तीन चूक, उणे ३. हाती १ गुण. तोटा नाही, पण एवढ्याशा नफ्यासाठी नशिबावर फार सोपवावं लागतं. चारही चुकले तर ४ गुण गेले. दोन पर्याय नक्की चूक आहेत हे कळत असेल तर मात्र चित्र पालटतं. उरलेल्या दोनांतला एक निवडला की प्रत्येक प्रश्नामागे सरासरी दीड गुण हाती येतो. तेव्हा 'येतंय का' असं न विचारता 'किती पर्याय खोडता येतात' असं विचारायची सवय लावावी. एकही खोडता येत नसेल तर पुढे जा.

अकरावी हे सुट्टीचं वर्ष नाही

दहावीनंतर मूल दमलेलं असतं, अकरावीला बोर्ड नसतं, आणि आमच्याकडे परंपरेनं अकरावी म्हणजे श्वास घ्यायचं वर्ष. सीईटीनं या समजुतीला खतपाणीच घातलं आहे, कारण तिथे अकरावीचा भाग २० टक्के आणि बारावीचा ८०. जेईई आणि नीटमध्ये असा भेद नाही, अकरावीचं सगळं येतं. सीईटीपुरतं बोलायचं तरी २० टक्क्यांचा अर्थ नीट लावावा लागतो. गणितात अकरावीवर १० प्रश्न, म्हणजे २० गुण. त्रिकोणमिती, वर्तुळ, संमिश्र संख्या, सीमा यांसारख्या धड्यांवरचे. सीमा न समजलेल्या मुलाला बारावीत विकलज शिकवताना मला जे करावं लागतं त्याला शिकवणं म्हणत नाहीत, डागडुजी म्हणतात. अकरावी २० टक्के असते ती प्रश्नपत्रिकेत. बारावीचा धडा उघडला की ती पानापानावर भेटते.

वेळेचा हिशेब मागून पुढे करा. नीट मेच्या आरंभी. सीईटी एप्रिल-मेच्या आसपास. बारावीची लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, तिच्या आधी प्रात्यक्षिकं. जेईई मेनचं पहिलं सत्र जानेवारीत, दुसरं एप्रिलमध्ये. म्हणजे बारावीचा अभ्यासक्रम डिसेंबरपर्यंत संपायला हवा आणि अकरावीची उजळणी तोवर एकदा होऊन गेलेली हवी. दोन वर्षं म्हणतो आपण, पण शिकायला मिळतात कसेबसे सोळा-सतरा महिने. गणपती, नवरात्र, दिवाळी आणि घरातलं एखादं लग्न वजा केलं की त्याहून कमी. उजळणीसाठी सगळ्यात हुकमी वेळ अकरावी संपल्यावरच्या उन्हाळ्याची. तीच मामाच्या गावाला जाते. पंधरा दिवस जाऊ द्या, आमरस खाऊ द्या. बाकीचे दिवस अकरावीचे.

बोर्डाबद्दल थोडक्यात. 'बोर्डाला फक्त पास व्हायचं असतं' हे क्लासवाल्यांचं आवडतं वाक्य. राज्यातल्या अभियांत्रिकी प्रवेशाला पीसीएममध्ये किमान ४५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ४०. एनआयटी किंवा आयआयटीत जायचं तर बारावीला ७५ टक्के, किंवा आपल्या मंडळात वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं (अनुसूचित जाती-जमातींसाठी ६५ टक्के). हाती उत्तम रँक आणि बोर्डाला ७३ टक्के, असा मुलगा पाहिला की जीव तुटतो.

परीक्षेचा साचा बदलतो, हेही ध्यानात असू द्या. नीटमध्ये २०२१ पासून काही प्रश्न ऐच्छिक होते. २०२५ ला ती सवलत गेली आणि जादा दिलेली २० मिनिटंही गेली. मोठ्या भावाच्या वेळी काय होतं त्यावर विसंबू नका. त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडून स्वतः वाचा, कंटाळवाणी असली तरी.

पैशांचं एक. क्लासशिवाय होत नाही असं नाही, फक्त पेपर सोडवायची शिस्त घरात लावावी लागते. आयआयटी कानपूरच्या मदतीनं केंद्र सरकारनं सुरू केलेलं 'साथी' हे संकेतस्थळ फुकट आहे. इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी महाज्योती संस्था सीईटी-जेईई-नीटचं मोफत प्रशिक्षण देते. त्याचा अर्ज दहावीनंतर करायचा असतो, आणि बारावीत चौकशी करणाऱ्या पालकांना मला दर वर्षी नाही म्हणावं लागतं.

अभ्यासाइतकेच दाखले

पर्सेंटाइल चांगलं असून जागा गेली, अशा घटनांमागे बहुतेकदा कागद असतो. जात वैधता प्रमाणपत्राला ('व्हॅलिडिटी'ला) महिने लागू शकतात. अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेच्या मुलांना त्याचा अर्ज महाविद्यालयामार्फत करता येतो. तो अकरावीतच करावा, कारण पणजोबांच्या शाळेचा दाखला शोधायला एखादा उन्हाळा लागतोच. नॉन-क्रिमीलेयर प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षाअखेर, म्हणजे पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावं लागतं; जुनं काढून ठेवलेलं उपयोगाचं नसतं. केंद्राच्या प्रवेशांसाठी ओबीसी दाखल्याचा नमुना वेगळा आहे, राज्याचा तिथे चालत नाही. जुलैत सेतू केंद्रासमोरच्या रांगेत उभं राहिल्यावर हे समजून काही फायदा नाही. वैद्यकीयसाठी राज्याच्या ८५ टक्के जागांत बसायचं तर साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेल्या हव्यात. बारावीला परराज्यातल्या निवासी क्लासमध्ये मूल पाठवायला निघालेल्या पालकांना हे मी दोनदा सांगतो.

सगळ्यात शेवटी ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॅपमध्ये कॉलेज-शाखांची पसंती भरायचा अर्ज. इथे मुलं डोकं लढवतात आणि फसतात. 'वरचं कॉलेज पहिलं टाकलं तर खालचं हातचं जाईल' अशी भीती असते, म्हणून मनातलं कॉलेज खाली जातं आणि मिळण्यासारखं वर येतं. संगणक असं काही बघत नाही. तो गुणवत्ता यादीतल्या पहिल्या मुलाचा फॉर्म घेतो आणि वरून खाली एकेक पर्याय तपासतो. जागा शिल्लक असलेला पहिला पर्याय दिसला की ती देऊन थांबतो. मग दुसरा मुलगा. तुमची पाळी येते तुमच्या क्रमांकाला, आणि वरचे पंधरा पर्याय भरून गेलेले असले तरी सोळाव्यावरचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही. तेव्हा यादी आवडीच्या क्रमानं लिहा आणि लांब लिहा. एक गोष्ट मात्र जपा: पहिल्या राउंडला पहिल्याच क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तो पक्का होतो, पुढच्या राउंडला थांबता येत नाही. पहिल्या ओळीत असंच काही लिहा, जे मिळाल्यावर पस्तावणार नाही.

त्या ९७.२ वाल्या मुलानं पहिल्या राउंडला पाचच पर्याय टाकले होते, पाचही पुण्यातले आणि पाचही कॉम्प्युटरचे. दुसऱ्या राउंडच्या आधी आम्ही दोघं मागच्या वर्षीचे कट-ऑफ घेऊन बसलो आणि पाचांचे चाळीस केले. सव्विसावा मिळाला: इलेक्ट्रिकल, घरापासून एसटीनं सव्वा तास. वडील या खेपेला पेढे घेऊन आले नाहीत. धाकट्या मुलीची दहावीची गुणपत्रिका घेऊन आले, खुर्चीवर टेकायच्या आधीच विचारलं, "सर, भावाची व्हॅलिडिटी झालेली आहे. हिचा अर्ज आत्ताच टाकू का?"

म्हटलं, अकरावीचा प्रवेश झाला की त्याच आठवड्यात.